पाला शेवटी, ऊन आधी: वर्षाचे धान्य किडू न देण्याची क्रमवार रीत

मार्च-एप्रिलमध्ये वर्षाचे गहू भरायचे, वर मूठभर कडुनिंबाचा पाला टाकायचा, झाकण लावायचे. आणि श्रावणात कोठी उघडल्यावर तळाला पीठ पडलेले दिसले की कडुनिंबाच्या नावाने बोटे मोडायची. दरवर्षी घरोघरी हेच होते. पाल्याचा दोष थोडा असतो, क्रमाचा जास्त. दाण्याच्या पोटात शिरलेल्या अळीला बाहेरचा पाला काहीच करत नाही, आणि बहुतेक धान्य घरी येते तेव्हाच त्यात थोडीफार अंडी-अळ्या असतात.

पाला, राख, तेल, वाळू, मातीची भुकटी हे उपाय प्रामुख्याने किडीची पुढची पिढी अडवतात. आत्ता आत असलेली पिढी मारायचे काम वाळवणाचे आणि उष्णतेचे. त्यामुळे खालचे टप्पे त्याच क्रमाने करायचे. एखादा टप्पा पुढेमागे केला, तर नंतरचा उपाय कितीही चांगला असला तरी त्याचा उपयोग होत नाही.

## सुरुवातीला हे ठरवा

धान्य खायचे की पेरायचे? हा प्रश्न सगळ्यात आधी. बियाण्याला चालणारी निम्मी औषधे खाण्याच्या धान्याला चालत नाहीत. निंबोळी पूड, सीताफळाच्या बियांची पूड, वेखंड, करंज तेल ही सगळी बियाण्याची साधने. दोन्हीसाठी एकच धान्य ठेवणार असाल, तर आत्ताच दोन ढीग करा आणि बियाण्याच्या पोत्यावर ठळक अक्षरात ‘बियाणे, खाऊ नये’ असे लिहा.

कीड कोणती येणार? ढोबळमानाने तीन प्रकार लक्षात ठेवले तरी पुरे.

कडधान्यावरचा भुंगेरा शेतातूनच येतो. तूर, हरभरा, मूग, चवळी यांच्या पिकत आलेल्या शेंगांवर मादी अंडी घालते. साठवणीत पुढची पिढी अख्ख्या दाण्यावर अंडी चिकटवते. मुगाचा हिरवा दाणा उजेडात धरून पाहिला, तर टाचणीच्या टोकाएवढा पांढरा ठिपका सालीला घट्ट बसलेला दिसतो. नखाने खरवडला तरी सहज निघत नाही. अळी त्या ठिपक्याखालूनच दाण्यात शिरते आणि उबदार हवेत महिनाभरात गोल भोक पाडून भुंगेरा होऊन बाहेर येतो. हा भुंगेरा स्वतः साठवणीतले काही खात नाही. जोडीदार शोधायचा, अंडी घालायची आणि आठ-पंधरा दिवसांत मरायचे, एवढेच त्याचे आयुष्य. राख आणि वाळू त्याच्यावर इतकी चालते ती याच कारणाने.

सोंड्या, म्हणजे ज्याला बरेच जण टोका म्हणतात, तो तांदूळ, ज्वारी, गहू, मक्यात होतो. याची मादी सोंडेने दाण्याला भोक पाडते, आत अंडे घालते आणि चिकट स्रावाने भोक बुजवते. म्हणून अंडी दिसत नाहीत. वरून स्वच्छ दिसणारा गहू आतून भरलेला असू शकतो. याचा प्रौढ किडा काही महिने जगतो आणि तेवढे दिवस खातही राहतो.

तिसरा तांबडा भुंगेरा. हा पिठात, रव्यात, फुटक्या दाण्यांत वाढतो. अख्ख्या, चांगल्या दाण्याला तो सहसा काही करू शकत नाही. याच्यावरचा मोठा उपाय म्हणजे कणी, चुरा, फुटके दाणे आधीच काढून टाकणे.

## टप्पा १: जागा आणि भांडी आधी, धान्य नंतर

नवे धान्य दारात येण्याच्या आठवडाभर आधी हे काम उरकलेले हवे. प्रत्यक्षात पोती दारात उतरतात आणि मग कोठी झटकायची घाई होते.

कोठी, पिंप, कणगी पूर्ण रिकामी करा. तळाशी राहिलेले मागच्या वर्षीचे दोन-तीन मुठी धान्य हा किडीचा सगळ्यात मोठा साठा. ते नव्यात कधीच मिसळायचे नाही. पत्र्याच्या कोठीचे सांधे, झाकणाची कडा, खालचे तोंड या ठिकाणी जुना चुरा अडकून बसतो. तो जुन्या दात घासायच्या ब्रशने काढा, मग कोठी दोन दिवस कडक उन्हात उघडी ठेवा. कणगी असेल तर आतून-बाहेरून शेणमातीने सारवून पूर्ण वाळू द्या. अर्धवट ओल्या कणगीत धान्य भरण्यापेक्षा पोत्यात ठेवलेले बरे.

जुनी बारदाने उलटी करून झटका, उकळत्या पाण्यात पंधरा मिनिटे बुडवा आणि कडकडीत वाळवा. निंबोळी घरात असेल, तर बियाण्याच्या पोत्यांसाठी १० लिटर पाण्यात १ किलो निंबोळी पूड रात्रभर भिजवून, गाळून, त्या पाण्यात पोती पंधरा मिनिटे बुडवून सावलीत वाळवा. शिवणीकडे विशेष लक्ष द्या, किडे तिथेच दडतात.

खोलीच्या भिंतींच्या भेगा, फरशीचे सांधे, दाराच्या चौकटीमागची फट सिमेंटने किंवा मातीने बुजवा. पोती ठेवायला लाकडी फळ्या मांडा. भिंतीपासून किमान फूटभर अंतर सोडा, म्हणजे ओल चढणार नाही आणि मागे झाडूही फिरेल.

सावधान: झाडून निघालेला कचरा अंगणाच्या कोपऱ्यात टाकू नका. यातले बरेच किडे उडू शकतात आणि आठवड्यात घरी परत येतात. तो जाळा किंवा उकळते पाणी ओता.

## टप्पा २: निवडणे आणि पाखडणे

चाळून, पाखडून फुटके दाणे, कणी, माती, काडीकचरा काढा. हे कंटाळवाणे काम आहे आणि म्हणूनच टाळले जाते. पण चुरा राहिला की दाण्यांमधल्या फटी बुजतात, तिथे ओल आणि उष्णता कोंडते, आणि तांबड्या भुंगेऱ्याला आयते अन्न मिळते.

निवडताना मूठभर दाणे बाजूला घेऊन पाण्याच्या पातेल्यात टाका. आतून पोखरलेले दाणे तरंगतात. शंभरातला एखादा तरंगला तर पुढे चला. पाच-दहा तरंगत असतील, तर टप्पा ३ मधली प्लॅस्टिकखालची उष्णता सोडायची नाही. तपासलेली मूठ कोंबड्यांना टाका, ढिगात परत नको.

इथेच एक निर्णय घ्या. खाण्याची तूर, हरभरा, मूग, उडीद वर्षभर अख्खे ठेवायची गरज आहे का? कडधान्याच्या भुंगेऱ्याला वाढायला अख्खा दाणा लागतो, डाळीवर त्याचे फारसे जमत नाही. घरची तूर भरडून डाळ केली, तर निम्मा प्रश्न कोणत्याही औषधाशिवाय सुटतो. उसळीपुरते अख्खे ठेवा, बाकीची डाळ करा.

भात पिकवणाऱ्यांनी उलट करायचे. भात सालीसकट चांगले टिकते, तांदूळ लवकर किडतो. वर्षाचा तांदूळ एकदम सडून, म्हणजे कांडून साल काढून, ठेवण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांचा सडा, बाकी भात कणगीत राहू द्या.

## टप्पा ३: वाळवण आणि उष्णता

सगळ्यात जास्त वेळ इथे घालवा.

ओलाव्याचे प्रमाण लक्षात ठेवायचे ते असे: गहू, ज्वारी, बाजरी १२ टक्क्यांच्या खाली, कडधान्ये ९ ते १० टक्के, तेलबिया ८ टक्क्यांच्या आसपास. दाणा जितका कोरडा तितकी कीड मंद. ९ टक्क्यांच्या खाली बहुतेक किडींची वाढच थांबते. खापरा भुंगेरा ही साठवणीच्या धान्यातली आणखी एक कीड मात्र त्याहून कोरड्या धान्यातही तग धरते.

ओलावा मोजायचे यंत्र नसेल तर घरच्या दोन चाचण्या करा.

तपासणी, मिठाची: कोरड्या काचेच्या बाटलीत पाव भाग धान्य आणि दोन चमचे उन्हात वाळवलेले बारीक मीठ घाला, झाकण लावून मिनिटभर हलवा, दहा मिनिटे ठेवा. मीठ काचेला चिकटून राहिले तर ओलावा १५ टक्क्यांच्या वर आहे. चिकटले नाही म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. १४ टक्के ओलाव्याच्या गव्हालाही मीठ चिकटत नाही.

तपासणी, दाताची: म्हणून दुसरी चाचणी. दाणा दाताखाली धरून फोडा. कट् असा आवाज होऊन दोन तुकडे झाले तर वाळला. दबला, चेपला किंवा दाताची खूण उमटली, तर अजून दोन उन्हे द्या.

साधे वाळवण असे: ताडपत्रीवर दोन बोटे जाडीचा थर, दर दोन तासांनी हात फिरवायचा, संध्याकाळी दव पडायच्या आत गोळा करायचे. थेट जमिनीवर पसरू नका, जमिनीची ओल चढते. आणि साठवणीच्या खोलीच्या दाराशी वाळवण घालू नका. ऊन लागले की किडे ढिगातून बाहेर पडून सावलीकडे धावतात, आणि जवळची सावली म्हणजे तुमची नुकतीच स्वच्छ केलेली खोली.

या नुसत्या उन्हाने ओल जाते, प्रौढ किडे पळतात, पण दाण्यातली अळी बरेचदा वाचते. तिच्यासाठी प्लॅस्टिकची पद्धत वापरा:

१. वाळलेला कडबा किंवा दोन-तीन गोणपाटे खाली अंथरा, म्हणजे उष्णता जमिनीत जाणार नाही.
२. त्यावर काळे प्लॅस्टिक किंवा गडद कापड घाला.
३. धान्य आधी साध्या उन्हात पूर्ण वाळवून घ्या, मगच त्यावर २ ते ३ सेंटीमीटर जाडीचा सपाट थर करा.
४. वरून पारदर्शक प्लॅस्टिक ताणून चारी कडा खाली दुमडा आणि दगड ठेवा. फट राहू देऊ नका.
५. निरभ्र दिवशी सकाळी दहा-साडेदहापासून दुपारी तीनपर्यंत ठेवा.

कडधान्याच्या भुंगेऱ्याची अंडी, अळी, कोष, प्रौढ अशा सगळ्या अवस्था ५७ अंश सेल्सिअसला तासभर राहिल्यास मरतात. विदर्भ-मराठवाड्याच्या एप्रिल-मेच्या उन्हात प्लॅस्टिकखाली ही उष्णता गाठता येते. कोकणात ढगाळ दिवस आला तर मिळणार नाही, दुसरा दिवस बघा. स्वयंपाकाचा साधा थर्मामीटर थराच्या मध्यभागी, कडेला नव्हे, खोचून ठेवला की अंदाजपंचे करावे लागत नाही.

सावधान: तांदळाला ही पद्धत नाही. कडक उन्हात तांदूळ तडकतो, मग कणीच कणी. तो सावलीत वाळवा. ओले धान्य प्लॅस्टिकखाली घातले तर ते उबते आणि वास धरते. बियाण्याला ही उष्णता एकदाच द्यायची, आणि नंतर १०० दाणे ओल्या गोणपाटात गुंडाळून उगवण मोजायची. सोयाबीनच्या बियाण्याला तर हे करूच नका, त्याची उगवण मुळात नाजूक.

## टप्पा ४: गार होऊ द्या

संध्याकाळी गरम गहू तसाच कोठीत ओतून झाकण लावणे ही फार सर्रास होणारी चूक. रात्री पत्रा थंड होतो, आतल्या उबदार हवेतली वाफ झाकणाखाली पाणी होऊन जमते आणि वरचा थर ओला होतो. वरच्या थरात बुरशी, खाली सगळे चांगले, असे दिसले तर कारण बहुतेक हेच असते.

धान्य घरात आणा, सतरंजीवर पसरा, स्वच्छ सुती चादरीने झाका म्हणजे रात्री उडते किडे अंडी घालणार नाहीत. सकाळी हात खोल घालून पाहा. आत कोमट लागले तर दुपारपर्यंत थांबा. भरण्याआधी पुन्हा एकदा चाळा, मेलेले आणि अर्धमेले किडे यातच निघतात.

## टप्पा ५: धान्यानुसार एकच उपाय निवडा

एकच. हा शब्द महत्त्वाचा आहे. तेल लावायचे, वर राख, त्यात पाला, शिवाय लवंगा असा सगळा मसाला करणाऱ्यांना वाटते की संरक्षण चौपट झाले. प्रत्यक्षात राख आणि मातीच्या भुकट्या कोरड्या असतील तरच चालतात. तेलाने त्या भिजल्या की त्यांचे काम संपले.

### गहू, ज्वारी (खाण्यासाठी): एरंडेल

किलोला ५ मिलिलिटर, म्हणजे क्विंटलला अर्धा लिटर. एरंडेल घट्ट असते, बाटली कोमट पाण्यात ठेवून पातळ करा. एका वेळी १० किलो गहू परातीत घ्या, ५० मिलिलिटर तेल दोन्ही तळहातांना थोडे थोडे लावत दाणे चोळा. प्रत्येक दाण्याला पुसटशी चमक आली पाहिजे. बोटांना तेल लागून राहत असेल तर जास्त झाले. क्विंटलभर गव्हावर वरून तेल ओतून फावड्याने कालवले, तर अर्धा गहू तेलकट आणि अर्धा कोरा राहतो, आणि कीड कोऱ्या गव्हातच होते.

गोडे तेलही चालते, पण काही महिन्यांनी त्याला खवट वास येतो. एरंडेलाचे तसे लवकर होत नाही. दळायला देण्याआधी गहू जाडसर कापडाने पुसून घ्या.

### अख्खी कडधान्ये: तेल, वाळू किंवा राख

तेलाचे प्रमाण तेच, किलोला ५ मिलिलिटर. इथे तेलाचा फायदा जास्त, कारण अंडे सालीवरच असते. तेलाच्या थराखाली अंड्याला हवा मिळत नाही आणि नवे अंडे गुळगुळीत दाण्याला नीट चिकटत नाही. अळी आत गेल्यावर मात्र तेल लावून उपयोग नाही. म्हणून मळणी-वाळवणानंतर लगेच, महिना-दीड महिना वाट न बघता.

वाळूची रीत आणखी सोपी, पण तिच्यात थर महत्त्वाचा. नदीची बारीक वाळू धुऊन, कढईत भाजून, गार करून घ्या. डबा काठापासून सात-आठ सेंटीमीटर कमी भरा, धान्य सपाट करा आणि वर ७ सेंटीमीटर वाळूचा थर द्या. चिमूटभर वाळू पेरून काही होत नाही. खाली जन्मलेला भुंगेरा वर येऊ शकत नाही आणि बाहेरचा आत जाऊ शकत नाही. वाळू दाण्यांत मिसळू नये म्हणून मध्ये पातळ सुती कापड घाला. दर आठवड्याला डबा उघडायचा असेल तर ही रीत घेऊ नका, वाळू हलली की थर मोडतो.

राखेबाबत सगळ्यात मोठा गैरसमज प्रमाणाचा आहे. वाल, कुळीथ, चवळीला राख चोळून ठेवतात, पण हाताला लागेल एवढीच. दाण्यांमधल्या सगळ्या फटी भरतील इतकी राख लागते: चार माप कडधान्याला सुमारे तीन माप राख, आणि वर आणखी तीन सेंटीमीटरचा नुसत्या राखेचा थर. आकडा ऐकून पुष्कळांचे डोळे मोठे होतात, पण राख तशीच काम करते. भुंगेऱ्याला हालचाल करायला जागाच उरत नाही, जोडीदार सापडत नाही, अंडी पडत नाहीत. शिवाय राख त्याच्या अंगावरचे मेण खरवडून त्याला सुकवते.

राख लाकडाची किंवा गोवऱ्यांची, पूर्ण विझलेली, वस्त्रगाळ. चुलीतली कालची राख तर कधीच नको, आत निखारा जिवंत असू शकतो. किमान चार दिवस उघडी ठेवलेली घ्या. गोंदिया-भंडाऱ्याकडे, कोकणात भाताच्या तुसाची राख सहज मिळते, तिच्यात सिलिका भरपूर असल्याने ती चांगली. प्लॅस्टिक, रंगवलेले लाकूड, कचरा जाळलेल्या ठिकाणची राख खाण्याच्या धान्याजवळ आणू नका.

### मातीची भुकटी: डायटोमेशियस अर्थ

सूक्ष्म शैवालांच्या सिलिकायुक्त कवचांची ही भुकटी. किड्याच्या त्वचेवरचा मेणाचा थर ती शोषून घेते आणि किडा पाण्याअभावी सुकून मरतो. किलोला १ ग्रॅम, म्हणजे क्विंटलला १०० ग्रॅम. ताडपत्रीवर धान्य पसरून चाळणीने भुकटी भुरभुरा आणि फावड्याने तीन-चार वेळा उलथापालथ करा.

दोन अटी. एक, पाकिटावर ‘फूड ग्रेड’ असे लिहिलेलेच घ्या. जलतरण तलावाच्या गाळणीसाठी विकली जाते ती भाजलेली असते, फुप्फुसाला घातक, ती चालणार नाही. दोन, धान्य कोरडे हवे. १४ टक्क्यांच्या पुढे ओलावा असला की परिणाम झपाट्याने घटतो. नाकावर मास्क बांधा, पंखा बंद ठेवा. निकाल लगेच दिसत नाही, दोन-तीन आठवडे लागतात. चौथ्या दिवशी जिवंत किडा दिसला म्हणून दुप्पट भुकटी घालू नका. वापरायच्या आधी धान्य पाखडून, धुऊन घ्या.

### पाला: कडुनिंब, निर्गुडी

पाल्याचा वास किड्यांना नकोसा वाटतो, एवढीच त्याची ताकद धरून चाला. स्वच्छ, वाळलेल्या, गार धान्याला तो चांगला साथीदार. कीड लागलेल्या धान्याला तो उपाय नाही.

पाला सावलीत वाळवा, कारण कडुनिंबातले किडीवर चालणारे घटक उन्हात लवकर नष्ट होतात. आठवडाभराने मूठ आवळली की कुरकुरत चुरा व्हायला हवा. देठ वाकत असेल तर ओल आहे. हिरवा पाला कोठीत घालणे म्हणजे कोरड्या धान्यात पाणी नेऊन ठेवणे. पाल्याभोवतीचे दाणे आधी काळे पडतात ते यामुळेच. प्रमाण साधारण १०० किलोला २ किलो वाळलेला पाला, एक थर धान्य, एक थर पाला असे. नुसता वर टाकलेला पाला तळापर्यंत काही करत नाही. थोडा कडवटपणा येतो, धुतल्यावर जातो. नको असेल तर पातळ कापडाच्या पुरचुंड्या करून थरांत ठेवा.

लवंग, लसूण, सुकी मिरची, हळकुंडे यांचा उपयोग पाच-दहा किलोच्या डब्यापुरता. कोठीभर गव्हात चार लवंगा म्हणजे मनाचे समाधान.

### फक्त बियाण्यासाठी

निंबोळी पूड १०० किलोला १ ते २ किलो. निंबोळ्या जून-जुलैत पिकून पिवळ्या झालेल्या गोळा करा, गर धुऊन काढा, सावलीत वाळवा, काळ्या पडलेल्या आणि बुरशीच्या फेका. वेखंडाची पूड १०० किलोला १ किलो. कडुनिंबाचे किंवा करंजाचे तेल किलोला ५ मिलिलिटर.

सावधान: वेखंड घरात बाळगुटीला असते म्हणून ते खाण्याच्या धान्यात मिसळायला हरकत नाही, असे समजू नका. त्यातल्या बीटा-असारोन या घटकाने प्राण्यांवरच्या प्रयोगांत कर्करोग झालेला आहे. सीताफळाच्या बियांची पूड विषारी आहे आणि डोळ्यात गेली तर डोळ्याला गंभीर इजा करते. चष्मा-हातमोजे नसतील तर त्या वाटेला जाऊच नका.

### ‘नैसर्गिक’ म्हणून घरात येणाऱ्या नको त्या गोष्टी

बोरिक पावडर खनिज आहे, पिढ्यान्‌पिढ्या तांदळाला लावली जाते, हे खरे. तरीही ती पोटात जाण्याची वस्तू नाही आणि अन्नात घालायला आपल्याकडे परवानगी नाही. धुतल्यावर बरीच जाते, पण लहान मूल कच्चे तांदूळ तोंडात टाकते तेव्हा ते धुऊन टाकत नाही. पाऱ्याच्या गोळ्या (पारद टिकड्या) धान्यात ठेवू नका, पाऱ्याची वाफ विषारी. डांबराच्या गोळ्या कपड्यांच्या कपाटातसुद्धा जपूनच. आणि सेल्फॉससारख्या अॅल्युमिनियम फॉस्फाइडच्या गोळ्या राहत्या घरात कोणत्याही कारणाने आणायच्या नाहीत. त्यातून निघणाऱ्या वायूने शेजारच्या खोलीत झोपलेली माणसेही दगावतात.

## टप्पा ६: भरणे आणि बंद करणे

कोठी काठोकाठ भरा. वर मोकळी जागा जितकी कमी तितकी हवा कमी. हवाबंद भांड्यात धान्य आणि किडे मिळून आतला प्राणवायू संपवतात आणि किडी स्वतःच गुदमरतात. यासाठी दोन आतल्या प्लॅस्टिक पिशव्या आणि बाहेर विणलेले पोते अशा तिहेरी पिशव्याही मिळतात. प्रत्येक थरातली हवा दाबून काढा, तोंड पिळून दुमडा आणि वेगवेगळे बांधा. नंतर किमान महिनाभर उघडू नका. उंदीर असतील तर या पिशव्या पत्र्याच्या पिंपात ठेवा.

रोजच्या वापराचा डबा वेगळा, पंधरा दिवसांपुरता. दर दोन दिवसांनी मोठी कोठी उघडली तर ती हवाबंद राहत नाही, मग तिच्यात काय घातले आहे याला फारसा अर्थ उरत नाही. झाकणाच्या कडेला कागदी चिकटपट्टी लावा आणि तिच्यावर भरल्याची तारीख व काय लावले ते लिहा. घरात दुसऱ्या कुणी धान्य काढले तरी कळेल.

## टप्पा ७: पावसाळ्यातली नजर

जूनपासून महिन्यातून एकदा, कोरड्या दिवशी. रोजचा डबा भरायला मोठी कोठी उघडाल तेव्हाच हे उरकून घ्या. हात कोपरापर्यंत आत घाला. एका जागी उबदार लागले तर तिथे कीड किंवा बुरशी आहे. मध्यातली मूठभर वाटीत घेऊन पांढऱ्या कागदावर चाळा: खाली पीठ पडते का, किडा सरकतो का, दाण्याला गोल भोक आहे का. नुसती वरची मूठ बघून झाकण लावणे म्हणजे न बघितल्यासारखेच. वाळूचा थर दिलेला डबा असा उघडू नका, त्याच्या वाळूवर भुंगेरे दिसतात का एवढे पाहा.

## कीड दिसलीच तर

ते धान्य ताबडतोब बाकीच्यांपासून दूर न्या. पाला, लवंगा वाढवू नका, वेळ जातो.

थोडे असेल, दहा-वीस किलोपर्यंत, तर पिशव्यांत भरून उणे १८ अंशांच्या शीतकपाटात (फ्रीझरमध्ये) आठवडाभर ठेवा. बाहेर काढल्यावर पिशवी बंदच ठेवून खोलीच्या तापमानाला येऊ द्या, नाहीतर दाण्यांवर पाणी धरेल. ऑगस्टमध्ये ऊन नसते, तेव्हा तांदळाला आणि कडधान्याला हाच मार्ग. गहू-ज्वारी जास्त असेल तर पावसाने उघडीप दिलेल्या दिवशी पुन्हा टप्पा ३ पासून सगळे. फक्त चाळून परत भरले, तर दाण्यातल्या अळ्या तीन-चार आठवड्यांत पुन्हा बाहेर येतात.

थोडी कीड लागलेले धान्य चाळून, पाण्यात टाकून, तरंगणारे काढून खाता येते. पण कुबट वास, हिरवट-काळी बुरशी किंवा दाण्यांचे गोळे झालेले दिसले, तर धुऊन, भाजून काही सुधारत नाही. बुरशीची विषे स्वयंपाकाच्या उष्णतेत टिकून राहतात. ते धान्य गुरांना किंवा कोंबड्यांनाही घालू नका, खड्ड्यात पुरा.